वैतरणेपलीकडचे गुरू

हे मनन घाईने वाचण्यासाठी लिहिलेलं नाही. जमलं तर एकांतात बसा. एक भाग वाचून झाला की डोळे मिटा, त्यातला माणूस मनापुढे आणा, चार-पाच श्वास त्याच्यासोबत राहा आणि मगच पुढच्या भागाकडे वळा. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हे आहे. त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसून ज्यांनी आपला नंबर येण्याची वाट पाहिली, त्यांच्यासाठीही आहे.

मनात एकच प्रश्न धरायचा: ज्या आजारी माणसाच्या शरीरावर आपण वैद्यक शिकतो, त्याचं आपण काय देणं लागतो?

उत्तर लगेच शोधू नका. प्रश्न नुसता जवळ असू द्या. खांदे सैल सोडा, हात मांडीवर ठेवा. या हातांकडे आपल्याला पुढे नीट पाहायचं आहे.

वाट

युरोप-अमेरिकेतले वैद्यकीय विद्यार्थी शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात काही आठवडे आफ्रिकेतल्या, आशियातल्या एखाद्या गरीब देशात जातात आणि तिथल्या रुग्णालयात काम करतात. पुस्तकात वाचलेले हिवताप, कुपोषण, सर्पदंश त्यांना तिथे पहिल्यांदा माणसाच्या रूपात भेटतात. आपल्याकडची मुलं रशियात, जॉर्जियात, किर्गिझस्तानात, फिलिपिन्समध्ये एमबीबीएस करायला जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यांना तिथे बारा महिने इंटर्नशिप करावी लागते आणि परतल्यावर भारतात पुन्हा बारा महिने. मुंबईत शिकणाऱ्या मुलाला मात्र दुसऱ्या जगात जायला पासपोर्ट लागत नाही. त्याला डहाणूची लोकल पुरते.

१८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचं, म्हणजे आपल्या जे. जे.चं, ग्रामीण आरोग्य पथक पालघरला आहे. पीएसएमच्या, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाच्या, पोस्टिंगला इंटर्न तिथे येतात. साडेचार वर्षं त्यांनी भायखळ्याच्या मोठ्या रुग्णालयात काढलेली असतात. तिथे रोगी त्यांच्यापर्यंत आलेला असतो. इथे रोगी जिथे राहतो तिथे त्यांनी जायचं असतं.

आता डोळे मिटा. गाडीने विरार सोडलं आहे. इमारती मागे पडल्या, दोन्ही बाजूंना खाजण आणि तिवरं दिसू लागली. पुलावर गाडीचा आवाज बदलतो, खाली वैतरणेची खाडी पसरलेली आहे. मग सफाळे, केळवे रोड, पालघर. पुढे उमरोळी आणि बोईसर. पश्चिमेला सातपाटीपासून चिंचणीपर्यंत मासेमारीची गावं, मध्ये रुळांच्या कडेने वाढलेली शहरं, पूर्वेला विक्रमगड, जव्हार, मोखाड्याचे डोंगर. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. एकाच जिल्ह्यात कोळी आहेत, वारली आहेत, कातकरी आहेत, वाडवळ आहेत आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगारही आहेत.

त्या गाडीत बसलेल्या इंटर्नकडे पाहा. बॅगेत स्टेथोस्कोप आहे, पुढच्या प्रवेश परीक्षेच्या प्रश्नांची पुस्तकं आहेत. मनात थोडा रुबाब आहे, थोडी भीती आहे, आणि ‘हे आठवडे संपले की सुटलो’ असाही एक विचार आहे. त्याला नावं ठेवू नका. हे सगळं आपल्यातही आहे. आपण जिथे शिकायला जातो तिथे असेच जातो, अर्धं लक्ष पुढच्या पायरीवर ठेवून.

श्वास आत घ्या. सोडा. आपण या जागेत पाहुणे आहोत, एवढंच मनाशी म्हणा.

बाक

दवाखान्याच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक आहे. त्यावर एक बाई बसली आहे. मांडीवर मूल, हातात घडी पडून मऊ झालेला केसपेपर.

ती इथवर कशी आली, याचा सावकाश विचार करा. उजाडायच्या आत उठली. पाड्यावरून सडकेपर्यंत पायी आली. सहा आसनी रिक्षा भरेपर्यंत थांबली. आज तिचा रोज बुडाला. नवऱ्याला, सासूला समजावून निघाली, की त्यांना न सांगता निघाली, ते आपल्याला ठाऊक नाही. तिच्यापुढे अजून बरीच माणसं आहेत. इंटर्नपाशी ती पोचेल तेव्हा त्याला ती ‘ताप, तीन दिवस’ म्हणून दिसेल. केसपेपरवर तेवढीच जागा असते.

त्या क्षणी ती काय करते ते पाहा. ज्याने अजून स्वतंत्रपणे एकही रोगी बरा केलेला नाही अशा परक्या मुलासमोर ती आपलं मूल ठेवते. तो छातीला स्टेथोस्कोप लावतो, पोट दाबून पाहतो, यकृताचा काठ बोटांना लागतो का ते शोधतो. यकृताचा काठ बोटांना कसा लागतो, हे कुठल्याही पुस्तकातून कळत नाही. ते या मुलाच्या पोटावर कळतं. हे शिक्षण त्याला कोण देत आहे? वर्गातले प्राध्यापक नव्हेत. ही बाई देते आहे आणि त्याची फी ती मागत नाही.

इथे थांबा. आपल्याला ज्यांनी असं काही शिकवलं, आणि ज्यांना आपण शिक्षक मानलं नाही, अशा एका माणसाचा चेहरा आठवा. त्याला मनातून नमस्कार करा. मग त्या बाकाकडे परत या आणि तिला विचारा, “मावशी, कुठल्या पाड्यावरून आलात?” या एका प्रश्नाला अर्धं मिनिट लागतं. तिला घरी परतायला गाडी कधी आहे, उद्या तपासणीला येणं शक्य आहे का, पाच दिवसांच्या गोळ्या आजच द्याव्यात का, हे सगळं त्या उत्तरातून कळतं. लक्ष देणं हा उपचाराचाच भाग आहे. देणं फेडायला तिथूनच सुरुवात होते.

दंडावरची पट्टी

आता अंगणवाडीत चला. एक कागदी पट्टी आहे, तिच्यावर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन रंग. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर ती गुंडाळतात. माप साडेबारा सेंटिमीटरच्या खाली गेलं तर मूल मध्यम कुपोषित. साडेअकराच्या खाली गेलं तर तीव्र कुपोषित. दोन्हींमध्ये एकच सेंटिमीटर आहे.

पट्टी हातात धरल्याची कल्पना करा. फार ओढली तर आकडा खोटा येतो, सैल सोडली तरी खोटा येतो. मूल रडतं, हात हिसकतं. घाई केली तर चालणार नाही. या मुलाला लाल रंगात घ्यायचं की पिवळ्यात, हे आपल्या बोटांच्या नेमकेपणावर ठरणार आहे.

आणि मग पट्टीवर न दिसणाऱ्या गोष्टी मनात आणा. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडमधली कुटुंबं घर बंद करून वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जगायला बाहेर पडतात. पावसाच्या तोंडाला परततात. मूल सोबत जातं. त्याचं वजनाचं कार्ड, त्याची लस, त्याचा आहार ज्या अंगणवाडीत नोंदला होता ती गावातच राहते. दंडाचा घेर पट्टीने लगेच मोजता येतो, पण तो कमी का झाला हे कळायला वर्षभराचं चक्र समजून घ्यावं लागतं. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं कुपोषणाने दगावली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला हा भाग नव्याने कळला. इथल्या आयांना तो आधीपासून माहीत होता.

ज्या अंगणवाडीत आपण मनाने बसलो आहोत, तिची कल्पना याच जिल्ह्यात वाढली. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत काम सुरू केलं, १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही नेली. पुढे १९७५ पासून देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. बाहेरून आलेल्या दोन बायकांनी ‘हे येत का नाहीत’ असं विचारत बसण्यापेक्षा ‘आपण कुठे जायला हवं’ हे विचारलं. इंटर्नने पट्टी गुंडाळताना हा दुसरा प्रश्न मनात ठेवला तर त्याचं शिक्षण पट्टीच्या पुढे जाईल.

वीस मिनिटं

पावसाळ्याचे दिवस. शेतावर गेलेल्या एका माणसाला साप चावला आहे. पाय सुजतो आहे. साप कोणता, ते कोणी पाहिलेलं नाही. आपल्याकडे माणसाला मारणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. पहिल्या दोघांचं विष नसांवर जातं, पुढच्या दोघांचं रक्तावर.

अशा वेळी करायची एक तपासणी आहे. तिला प्रयोगशाळा लागत नाही, वीज लागत नाही. काचेची कोरडी, स्वच्छ नळी घ्यायची. प्लास्टिकची चालत नाही, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठायला सुरुवात होते. तिच्यात शिरेतून काढलेलं दोन मिलिलिटर ताजं रक्त घालायचं. नळी उभी ठेवायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी एकदाच कलती करायची. रक्त गोठलेलं असेल तर ते जागचं हलत नाही. पातळ वाहिलं तर विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती खाल्ली आहे आणि सर्पविषावरचं प्रतिविष लगेच सुरू करायला हवं. लक्षणं आधीच स्पष्ट असतील तर डॉक्टर नळीसाठी थांबत नाहीत.

ही वीस मिनिटं आपण मनाने घालवू. नळी टेबलावर आहे.

पहिली काही मिनिटं नळीकडे पाहण्याची ओढ अनावर होते. उचलून बघावी, थोडी हलवावी असं वाटतं. तसं केलं तर तपासणी बिघडते. हात मागे घ्या. शिकणाऱ्याला काहीतरी करून दाखवायची उतावीळ असते. ती आपल्यात कुठे जाणवते, छातीत की बोटांत, ते नुसतं पाहा.

आता नळीकडून माणसाकडे वळा. त्याच्या हिरड्यांतून रक्त येतं का? लघवीचा रंग कसा आहे? सूज कुठवर चढली? तिथे पेनाने रेघ मारा, वेळ लिहा. पापण्या जड होतात का? मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची खूण धड दिसत नाही, दुखत नाही. पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या मिटू लागतात. ‘पोटदुखी’ म्हणून आलेल्या माणसाच्या पापण्यांकडे ज्या इंटर्नने पाहिलं, त्याने एक जीव वाचवला असं होऊ शकतं.

नातेवाईक दाराशी उभे आहेत. एकाच्या हातात भगताने दिलेला दोरा आहे. त्यांच्यावर ओरडू नका. रात्री गाडी मिळत नाही, तेव्हा जो जवळ असतो त्याच्याकडे माणूस जातो. त्यांना सांगा की आता तुम्ही योग्य जागी आला आहात, आपण सगळे मिळून बघू.

वीस मिनिटं भरत आली. या नळीमागे केवढा मोठा देश उभा आहे ते मनात आणा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने अंदाज केला की भारतात दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशाने मरतात. बहुतेक सगळी खेड्यातली, बहुतेक शेतात राबणारी. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. हे दुर्लक्ष कोणाचं, याचा विचार करत बसण्यापेक्षा आत्ता, या नळीपाशी, आपलं लक्ष पूर्ण असू द्या. नळी कलती करा. पाहा.

न दिसणारं दुखणं

एक तरुण मुलगी पुन्हा आली आहे. हातपाय दुखतात, पाठ दुखते, रडते. सूज नाही, जखम नाही, ताप थोडासाच. मागच्या महिन्यातही ती आली होती. ‘काही नाही हिला’ असं कोणीतरी म्हणतं.

तिच्याजवळ बसा आणि एक जुनी गोष्ट ऐका. १९०४ च्या डिसेंबरात शिकागोच्या एका रुग्णालयात एक परदेशी विद्यार्थी आला. वॉल्टर क्लेमेंट नोएल त्याचं नाव. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यक शिकायला आला होता. त्याला तपासलं अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या एका इंटर्नने. त्याने रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. लाल पेशी गोल असतात. यातल्या काही लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. त्याने ते वरिष्ठांच्या, डॉ. जेम्स हेरिक यांच्या नजरेस आणलं. १९१० साली हेरिक यांनी ते प्रसिद्ध केलं आणि सिकलसेल आजाराची वैद्यकाच्या पुस्तकात नोंद झाली.

दोन तरुण माणसं, दोघंही शिकाऊ. एक परक्या देशात आजारी पडलेला, दुसरा नुकता डॉक्टर झालेला. त्यांच्यामध्ये एक काच होती आणि एकाची बारकाईने पाहण्याची तयारी होती. नोएल पुढे शिकून ग्रेनाडाला परतला, दंतवैद्याचं काम केलं आणि १९१६ साली तरुण वयातच वारला. त्याच्या आजारावर त्याला काहीच मिळालं नाही. त्याने जे दिलं ते आज जगभरच्या रोग्यांना मिळतं.

सिकलसेल पालघरच्या आदिवासी समाजांतही आहे. २०२३ साली केंद्र सरकारने २०४७ पर्यंत त्याचं निर्मूलन करण्याचं अभियान सुरू केलं, आणि आता दवाखान्यांतून, आश्रमशाळांतून रक्त तपासलं जातं. या आजारात वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पलीकडच्या हाडाला, स्नायूला प्राणवायू मिळत नाही. वेदना भयंकर असते, बाहेरून दिसत काहीच नाही.

म्हणून त्या मुलीच्या बाबतीत पहिलं काम एकच आहे. तिच्या दुखण्यावर विश्वास ठेवायचा. ते मनात तीनदा म्हणा: तुला दुखतंय हे मला पटतं. मग रक्त काढा.

बोईसर

आणखी दोन स्टेशनं पुढे जाऊ. बोईसरला पाळी सुटण्याची वेळ झाली आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायनं बनतात, कापड बनतं, पोलाद बनतं, औषधांचा कच्चा माल बनतो. पलीकडे समुद्रकाठी १९६९ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आहे. त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. इथल्या माणसाच्या शरीराची विचारपूस करायची तर त्याच्या जागेची, त्याच्या कामाचीही करावी लागते.

समोर एक कामगार आहे. खोकला आहे, हाताच्या त्वचेला भेगा आहेत, डोळे लाल आहेत. तो गोरखपूरकडचा असेल किंवा ओडिशातला. घर सोडून दूरच्या परक्या मुलखात आलेला तोही आहे. इंटर्नइतकाच, किंवा त्याहून जास्त. इंटर्नला परतायची तारीख माहीत आहे, त्याला नाही. त्याची भाषा मोडकी, इंटर्नची हिंदी मुंबईची. परदेशातून शिकून आलेल्या मुलाला हे ओळखीचं वाटेल. रशियन बोलणाऱ्या आजीला तुटक शब्दांत ‘कुठे दुखतं’ विचारताना आपण किती लहान झालो होतो, हे त्याला आठवेल. ती आठवण जपून ठेवा. ती आपल्याला समोरच्या तुटक बोलणाऱ्या माणसाशी सबुरीने वागायला शिकवते.

आता त्याला तो प्रश्न विचारा जो १७०० साली इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहून डॉक्टरांना विचारायला शिकवला: तू काम काय करतोस? कुठल्या खात्यात? पिंप उघडताना तोंडावर काय असतं? ठेकेदाराचा माणूस आहेस की कंपनीचा? ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड आहे का? खोकल्याचं औषध केसपेपरवर आधीच लिहिलं गेलं असेल, पण या उत्तरांशिवाय ते अर्धंच आहे.

थोडं थांबा. इथल्या कारखान्यांत बनलेली औषधद्रव्यं दूरदूरच्या रोग्यांपर्यंत पोचतात. ती बनवणाऱ्याचा खोकला ऐकणारा कोणीतरी हवा. आज तो कोणीतरी आपण आहोत.

हात

सुरुवातीला मांडीवर ठेवलेले हात आता पाहा. तळवे वर करा.

अंगात पांढरा कोट असला की रोगी या हातांना ‘डॉक्टरचे हात’ म्हणतो. त्याला इंटर्न, वैद्यकीय अधिकारी, सर्जन यांतला फरक माहीत नसतो. जिथे डॉक्टर कमी तिथे शिकाऊ हातांना मोकळीक जास्त मिळते, आणि नेमका इथेच मोह आहे. मुंबईत जे करायला मिळत नाही ते इथे करायला मिळेल, असं मन सांगतं. श्रीमंत देशातून गरीब देशात गेलेल्या विद्यार्थ्यालाही मन हेच सांगतं. याच काळजीने २०१० साली काही अनुभवी जाणकारांनी अशा प्रशिक्षणासाठी नीतितत्त्वं मांडली. विद्यार्थ्याने आपल्या शिक्षणाच्या पातळीबाहेरचं काम करू नये, त्याच्यावर देखरेख असावी, यजमान संस्थेवर पडणारा भार ओळखावा, आणि या देवाणघेवाणीचा फायदा यजमानांनाही व्हावा, असं त्यांचं सांगणं.

याचा साधा अर्थ मनाशी घोळवा. जो टाका मी माझ्या बहिणीच्या कपाळावर एकट्याने घालणार नाही, तो इथल्या कोणाच्या कपाळावर एकट्याने घालणार नाही. जो फोटो माझ्या आईचा कोणी काढलेला मला चालणार नाही, तो या आजीचा मी काढणार नाही. जे मला येत नाही ते येत नाही असं सांगेन, आणि ज्याला येतं त्याला बोलावेन. तो दर वेळी डॉक्टरच असेल असं नाही. अडलेली बाळंतीण ओळखायला, चिडलेल्या सासूला शांत करायला, कोणत्या घरात क्षयाच्या गोळ्या मध्येच बंद झाल्या ते सांगायला सिस्टर असतात, आशाताई असतात. त्यांना सगळी घरं माहीत आहेत. त्यांच्यामागून चाला.

आणि सिल्वासाला, ठाण्याला, मुंबईला पाठवायची वेळ आली, की चिठ्ठी नीट लिहा. काय दिसलं, काय दिलं, किती वाजता दिलं. १०८ च्या गाडीत रोग्यासोबत आपण जाऊ शकत नसलो तरी आपली चिठ्ठी जाते.

तळवे मिटा. या हातांना मर्यादा आहेत, हे कबूल केल्याने ते अधिक भरवशाचे होतात.

राहिलेली माणसं

काही माणसं शिकायला किंवा मदत करायला परमुलखात गेली आणि तिथली झाली. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस परळच्या जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. १९३८ साली युद्धात होरपळणाऱ्या चीनला भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात ते होते. बाकीचे यथावकाश परतले. कोटणीस चिनी भाषा शिकले, आघाडीवर शस्त्रक्रिया करत राहिले, बेथ्यून रुग्णालयाचे पहिले संचालक झाले, तिथेच संसार मांडला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले.

दुसरं उदाहरण कोकणातलंच आहे. महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर आले तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, त्यांच्यासमोर मरत होती. पुस्तकात उपाय नव्हता. ते रोग्याच्या उशाशी रात्र रात्र बसले, नाडी मोजत राहिले, रक्तदाब लिहीत राहिले. त्या नोंदींतून त्यांना विष हृदयावर काय करतं ते कळलं, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यांनी वापरून पाहिलं. मृत्यू झपाट्याने कमी झाले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचं काम छापलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आरोग्य केंद्रातली खाट हीच त्यांची प्रयोगशाळा होती, आणि तिच्यावरचे रोगी त्यांचे शिक्षक.

प्रत्येकाने कोटणीस व्हावं असं हे मनन मागत नाही. बहुतेक इंटर्न परततील, परतायलाच हवं, पुढे शिकायचं आहे. पण या दोघांना मनात शेजारी बसवा आणि पाहा की दोघांनीही एक गोष्ट केली: जिथे गेले, तिथल्या माणसाला शिकलेलं दिलं.

देणं

आता पहिल्या प्रश्नाकडे जाऊ. ज्याच्याकडून शिकलो त्याचं काय देणं लागतो?

पोस्टिंगच्या प्रत्येक संध्याकाळी, किंवा कोणत्याही कामाच्या दिवसाअखेर, स्वतःला चार प्रश्न विचारता येतील. एकेका प्रश्नावर थांबा.

आज मी कोणाकडून काय शिकलो? उत्तरात रोगाचं नाव न घेता माणसाचं नाव घ्या.

त्याला त्यातलं काय परत मिळालं? दोन वाक्यांत त्याच्या आजाराबद्दल त्याला कळेल असं सांगितलं का, की सगळं शिक्षण आपल्याच वहीत राहिलं?

आज कुठे मला येत नव्हतं, आणि मी कोणाला विचारलं?

उद्या कोणाकडे पुन्हा जायला हवं?

इंटर्नशिप संपेल, सही मिळेल, कोणी मुंबईत राहील, कोणी लंडनला जाईल. देणं मात्र संपत नाही, ते सोबत येतं. एखाद्या रात्री कॅज्युअल्टीत दुरून पाठवलेला रोगी येईल, पालघरहून असेल किंवा पालघरसारख्याच जगातल्या कुठल्यातरी जागेहून. उशिरा आलेला असेल. शेजारचा कोणी चिडून विचारेल, “इतका उशीर का केला?” तेव्हा पाड्यापासून सडकेपर्यंतची पायवाट, न भरलेली रिक्षा, बुडालेला रोज आणि रात्री न मिळालेली गाडी ज्याला आठवते, तो डॉक्टर हा प्रश्न विचारणार नाही. तो म्हणेल, “बरं झालं आणलंत,” आणि लगेच कामाला लागेल. ज्या बाईने बाकावरून उठून आपलं मूल त्याच्या शिकाऊ हातात दिलं होतं, तिचं देणं तो तिथे, दुसऱ्याच कोणाच्या उशाशी उभा राहून, फेडत असेल. ते असंच फेडायचं असतं, आणि आयुष्यभर फेडत राहायचं असतं.